सर्फिंगला लाँगबोर्ड की शॉर्टबोर्ड? विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी या चुका टाळाव्यात

मराठवाड्यात माझ्या पिढीतील अनेकांचे पोहणे विहिरीतच सुरू झाले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, वरून कोणीतरी ढकलून द्यायचे आणि तळाकडे निघालेला जीव त्या भोपळ्याने वर आणायचा. भोपळा लहान असला की नाकातोंडात पाणी जाते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही. एवढे ठाऊक असूनही परभणीहून गोव्याला पहिल्यांदा सर्फिंगसाठी गेलो तेव्हा, आपल्याला थोडेफार येते अशी थाप मारून, मी भाड्याच्या बोर्डांमधून ६ फूट २ इंचांचा टोकदार शॉर्टबोर्ड उचलला, कारण तो काखेत सहज मावत होता आणि दिसायला ऐटदार होता. त्यावर बसलो तर पाणी छातीपर्यंत आले. तीन सकाळी गेल्या, लाट एकही मिळाली नाही.

ही पहिली चूक, आणि बहुतेक सगळ्या तक्रारींचे मूळ हिच्यातच असते. बोर्डाची लांबी पाहिली जाते, पण त्याचे आकारमान, म्हणजे लिटर, पाहिले जात नाहीत. बोर्ड पूर्ण बुडाला तर प्रत्येक लिटरमागे साधारण एक किलो पाणी बाजूला सारतो आणि तेवढाच आधार देतो. खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. प्रौढांच्या शॉर्टबोर्डात साधारणपणे २५ ते ३५ लिटर असतात, तर ९ फूट किंवा त्याहून लांब असलेल्या लाँगबोर्डात ६० ते ८० लिटर सहज असतात. नवशिक्याने आपल्या वजनाच्या किलोंइतके किंवा त्याहून जास्त लिटर घ्यावेत, हा ढोबळ हिशेब पुरेसा आहे. मुरलेला सर्फर याच्या निम्म्याहून कमी लिटरवर खेळतो, कारण तो पाण्यावर तरंगत राहण्यावर नव्हे, तर लाटेच्या वेगावर उभा असतो.

दुसरी चूक टीव्ही पाहून होते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आले आणि २०२४ मध्ये त्याच्या स्पर्धा ताहितीतील तेआहुपो येथे झाल्या. दोन्हीकडे खेळाडूंच्या पायाखाली शॉर्टबोर्डच होते. मात्र तेआहुपोची लाट खोल समुद्रातून येऊन उथळ प्रवाळावर एकदम उभी राहते, आणि शॉर्टबोर्डाच्या पुढच्या टोकाचा वर वळलेला बाक अशाच उभ्या लाटेसाठी असतो. पावसाळ्यानंतर गोव्यात बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतची मऊ, संथ लाट मिळते. तिच्यावर तोच बाक पाणी ढकलत राहतो आणि बोर्ड अडतो, तर लाँगबोर्ड आपल्या सपाट, लांब तळामुळे लाट फुटण्याच्या बऱ्याच आधी सरकू लागतो.

आता लाँगबोर्ड घेतल्यावरही होणाऱ्या चुका. सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की लाट खालून निघून जाते. अशा वेळी माणूस हात आणखी जोरात मारतो, दमतो आणि दंडांना दोष देतो. खरे तर तो बोर्डावर फार मागे झोपलेला असतो. मागचे टोक पाण्यात रुतते, पुढचे आभाळाकडे पाहते आणि बोर्ड नांगरासारखा ओढावा लागतो. चार बोटे पुढे सरकावे. पुढचे टोक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहिले पाहिजे. ती जागा सापडली की हनुवटीखालच्या वॅक्सवर, म्हणजे घसरू नये म्हणून बोर्डाला फासलेल्या मेणावर, नखाने एक रेघ ओढून ठेवावी आणि प्रत्येक वेळी हनुवटी तिथेच आणावी.

याच्या उलट, पुढचे टोक पाण्यात घुसून माणूस डोक्यावरून फेकला जात असेल तर लगेच मागे सरकण्याची घाई करू नये, कारण इथे दोन बोर्डांचे निदान वेगळे आहे. लाँगबोर्डावर ही चूक बहुधा जागेची, किंवा फुटत्या लाटेवर उशिरा निघाल्याची असते. शॉर्टबोर्डावर मुळातच उशिरा आणि उतारावरून निघावे लागते, म्हणून तिथे दोष बहुतेकदा उठण्याच्या संथपणाचा असतो. मागे सरकलात तर लाटच सुटेल. उठण्याचा सराव गच्चीवर सतरंजी अंथरून करता येतो. नाथसागरावर जाऊन करता येईल का, असे मला हमखास विचारले जाते. वाऱ्याने उठलेल्या तिथल्या लहरींवर सर्फिंग होत नाही, आणि धरणाच्या पाण्यात असे धाडस करूही नये.

उभे राहिल्यावर बोर्ड वळत नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी लाँगबोर्डवाल्यांची असते. एका मोठ्या फिनचा, म्हणजे तळाशी मागे बसवलेल्या माशाच्या परासारख्या पात्याचा, बोर्ड मधोमध उभे राहून खांदे फिरवल्याने वळत नाही. पावले टाकत मागे, फिनच्या जवळ जावे लागते आणि मागच्या पायावर भार द्यावा लागतो. शॉर्टबोर्डावर हा पाय आधीच तिथे असतो. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८०-८१ च्या सुमारास रूढ केलेली तीन फिनची रचना त्या दाबाला लगेच प्रतिसाद देते, आणि नवशिक्याला हाच प्रतिसाद डळमळीतपणा वाटतो.

एक चूक मात्र स्वतःपेक्षा इतरांना महागात पडते. समोरून फेसाळ लाट आली की विहिरीत शिकलेला माणूस सवयीने बोर्ड सोडून खाली बुडी मारतो. ९ फुटांचा बोर्ड आणि त्याला पायाशी जोडणारी ९ फुटांची दोरी, म्हणजे लीश, मिळून मागे १८ फुटांपर्यंत कोणाचेही डोके फुटू शकते. शॉर्टबोर्ड दोन्ही हातांनी दाबून लाटेखालून काढता येतो. लाँगबोर्ड इतका बुडतच नाही. त्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटे व्हावे, लाट वरून जाऊ द्यावी आणि मग पुन्हा सुलटे व्हावे. कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नये, तो बाजूला ठेवावा.

स्वतःचा बोर्ड घेऊन येणाऱ्यांनी उन्हाचा विचार करावा. मे महिन्यात आपल्याकडच्या बंद गाडीत वॅक्स वितळून सीटला लागतेच, शिवाय आतला फोम फुगून वरचा थर सुटू शकतो.

शॉर्टबोर्डाकडे कधी वळावे, याचे माझे उत्तर थोडे कडक आहे. न फुटलेली लाट स्वतः ओळखून, कोणी मागून न ढकलता, डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन्ही बाजूंना कापता येऊ लागली, की आधी साडेसात फुटांच्या आसपासचा मधला बोर्ड घ्यावा आणि एक हंगाम त्यावर काढावा. वर्षातून सहा-सात दिवसच समुद्र पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना तो हंगाम यायला वेळ लागतो. माझा अजून आलेला नाही, आणि पुढच्या डिसेंबरसाठीही मी ९ फुटांचाच बोर्ड सांगून ठेवला आहे.