अतिशक्तिशाली गाडीसाठी शर्यत कशी निवडावी : ग्रॅन टुरिस्मो ७

‘ग्रॅन टुरिस्मो ७’ या मोटारशर्यतींच्या व्हिडिओ गेममध्ये हजार अश्वशक्तीच्या आसपासची गाडी हाती आली, की कोणतीही शर्यत आता आपलीच, असे वाटू लागते. अशा गाडीची ताकद मात्र सगळ्या मार्गांवर सारखी कामी येत नाही. म्हणून शर्यत निवडताना, एका फेरीत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून किती अंतर जाता येईल, हे सर्वप्रथम पाहावे.

ल मान्सच्या सार्त सर्किटची एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून थोडी अधिक आहे आणि तिच्यातला मुल्सानचा सरळ पट्टा सुमारे सहा किलोमीटरांचा आहे. हे अंतर ताशी सरासरी २०० किलोमीटरने कापायला १०८ सेकंद लागतात, तर २५० ने साधारण ८६. म्हणजे वळणांवर काहीही विशेष न करता एकाच पट्ट्यावर बावीसेक सेकंद हाती लागतात. या पट्ट्यावर १९९० मध्ये दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी लागोपाठची आखूड वळणे) बांधण्यात आल्या, परंतु खेळात शिकेन नसलेली मांडणीही आहे आणि निव्वळ ताकदीच्या गाडीला तीच अधिक मानवते. याउलट जपानमधल्या त्सुकुबा सर्किटची संपूर्ण फेरीच दोन किलोमीटरांची आहे आणि तिथला सर्वांत मोठा सरळ भाग अर्धा किलोमीटरही भरत नाही. तिथे वेग पुरता चढण्याआधीच ब्रेक लावावा लागतो, त्यामुळे हलकी आणि चपळ गाडीच बरी.

सरळ पट्टा मोठा आहे एवढ्यावरच समाधान मानू नये, तो कुठे संपतो हेही पाहावे. जपानमधल्याच फुजी सर्किटचा मुख्य पट्टा जवळपास दीड किलोमीटरचा आहे, पण त्याच्या टोकाला अगदी आखूड उजवे वळण आहे. तिथे जड गाडीला बरेच आधी ब्रेक लावावे लागतात, आणि ती मागच्या चाकांवर चालणारी असेल तर वळणातून बाहेर पडताना चाके जागच्या जागी फिरून मिळवलेली आघाडी निसटते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे इथे तितके नुकसान होत नाही. इटलीतले मॉन्झा सर्किट मला याहून सोयीचे वाटते. तिथेही शिकेन आहेत, पण त्यांच्यामधले पट्टे लांब असल्याने किरकोळ चूक भरून काढता येते.

शर्यतीच्या माहितीत दिलेला पीपीचा (परफॉर्मन्स पॉइंट्स, म्हणजे गाडीच्या एकूण क्षमतेचे खेळातले गुण) आकडा ही सक्तीची मर्यादा आहे की नुसती शिफारस, हे नीट वाचावे. शिफारस असेल तर जास्त ताकदीची गाडी उतरवता येते, आणि दोन-तीन फेऱ्यांच्या शर्यतीत तिचा खरा उपयोग होतो, कारण अशा शर्यतींत धावत्या आरंभालाच पहिली गाडी बरीच पुढे असते आणि तिला गाठायला वेळ फार थोडा मिळतो. मर्यादा सक्तीची असेल तर पॉवर रिस्ट्रिक्टर (इंजिनची ताकद कमी करणारा भाग) आणि बॅलास्ट (गाडीत ठेवलेले जादा वजन) वापरून गाडी त्या आकड्यात बसवता येते. टायर हलक्या दर्जाचे लावूनही पीपी कमी होतो, पण आधीच आवरायला कठीण असलेल्या गाडीची पकड काढून घेणे मला मुळीच पसंत नाही.

लांब शर्यतीत टायरची झीज आणि इंधनाचा खप नेहमीच्या किती पट ठेवला आहे, हे पाहिल्याशिवाय नाव नोंदवू नये. फ्युएल मॅप (इंधनाचा वापर ठरवणारी, शर्यतीत बदलता येणारी सेटिंग) १ वर गाडी पूर्ण ताकदीने धावते आणि आकडा ६ कडे नेऊ तशी इंधनाची बचत होते. परंतु एक पिट स्टॉप (इंधन-टायरसाठीचा थांबा) टाळण्यासाठी सतत ६ वरच धावावे लागणार असेल, तर त्या शर्यतीसाठी कमी ताकदीची, कमी पिणारी गाडी न्यावी. ल मान्सच्या ७०० पीपीच्या अर्ध्या तासाच्या शर्यतीत पाऊसही येऊ शकतो, आणि ओल्या रस्त्यावर वाढीव अश्वशक्ती जवळजवळ वाया जाते.

टोकियो एक्सप्रेसवेची ६०० पीपीची बारा फेऱ्यांची शर्यत बक्षिसासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना भिंती आहेत आणि धक्का लागला तर क्लीन रेस बोनस (धक्का न लावता शर्यत पूर्ण केल्याचे जादा बक्षीस) हातचा जातो. हा बोनस मूळ बक्षिसाच्या निम्मा असल्यामुळे, या शर्यतीसाठी गाडी आधी सराव फेऱ्यांत चालवून पाहावी आणि ती भिंतीला न लागता सलग फेऱ्या पूर्ण करू लागेपर्यंत रिस्ट्रिक्टरने तिची ताकद कमी करत जावी.