शेवटची कधी घेतली? व्यसनी माणसाची तपासणी आणि समुपदेशनाचा आराखडा

दारू पिणारा माणूस समुपदेशकापर्यंत बहुधा स्वतःहून पोहोचत नाही. बायको, भाऊ किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यातले साहेब त्याला आणून बसवतात. खोलीत शिरल्यावर सगळे एकदम बोलू लागतात: किती वर्षं पितो, किती कर्ज झालं, परवा काय तमाशा केला. ते ऐकायचंच आहे, पण थोडं नंतर. आधी त्याच्याकडे वळून विचारा, "दादा, शेवटची कधी घेतली?" नुसता वार नको, वेळ विचारून घ्या.

पुढचं सगळं त्या वेळेवर अवलंबून असतं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली, तर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत, भिंतीवर किडे दिसतात. ही अवस्था जीवावर बेतू शकते. म्हणून "आजपासून एक थेंबही नको" असं पहिल्याच भेटीत सांगू नका. पूर्वी कधी फिट आली होती का, सकाळी उठल्यावर प्यावीच लागते का, उलटीत रक्त, कावीळ किंवा पायावर सूज आहे का, हे विचारा. यातलं एकही उत्तर 'हो' आलं तर समुपदेशन थांबवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. चिठ्ठीत शेवटच्या पिण्याची वेळ आणि रोजचं प्रमाण लिहा. चालताना तोल जात असेल, बोलणं गोंधळलेलं असेल, तर तेही लिहा. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी झाल्याने मेंदूला इजा होत असल्याची ती खूण असू शकते, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं.

मालेगाव भागातून आलेल्या तरुणाला 'कुत्ता गोळी' नाव घेऊनच विचारा. ही अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी असते. तीही एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. दारू आणि गोळी एकत्र घेतली तर श्वास मंदावतो, हे घरच्यांनाही सांगा.

शरीर सुरक्षित आहे याची खात्री झाली की प्रमाण मोजा. इथे नवे समुपदेशक हमखास फसतात, कारण "दोनच घेतो" हे उत्तर तसंच लिहून घेतात. दोन म्हणजे दोन पेग, दोन नाइंटी की दोन क्वार्टर? १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीचा ६० मिलिचा पेग २ युनिट, ९० मिलिची नाइंटी ३, १८० मिलिची क्वार्टर ६. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली ४ युनिट. नाशकात आणखी एक समज खोडावा लागतो: द्राक्षाची वाइन म्हणजे दारू नव्हे. १३ टक्क्यांच्या ७५० मिलि बाटलीत जवळपास पावणेआठ युनिट असतात. बाटलीचा आकार आणि पैसे विचारले की खरा आकडा निघतो. रोज किती रुपये जातात हे बायकोला बहुतेक वेळा अचूक माहीत असतं.

मग जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही १० प्रश्नांची प्रश्नावली घ्या. गुण ० ते ४०. ८ पासून पुढे पिणं धोक्याचं. २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरा आणि डॉक्टरच्या तपासणीशिवाय आराखडा करू नका. प्रश्न वाचून दाखवा, समजावून सांगा. पण नातेवाइकांसमोर भरून घेऊ नका, नाहीतर गुण खाली येतात आणि तुम्हाला खोटा धीर मिळतो.

आकड्यापेक्षा जास्त सांगतं ते भिंतीवरचं कालनिर्णय. मागचे ९० दिवस त्याच्यासोबत एक-एक करून भरा: पगार कधी झाला, रात्रपाळी कधी होती, लग्न, हळद, जत्रा, भांडण, कोणत्या दिवशी प्यायला नाही. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराकडे छाटणी आणि खुडा, व्यापाऱ्याचे पैसे आल्याचा दिवस, गारपिटीची रात्र यांच्या खुणा करा. पिण्याची कारणं त्याला सांगता येत नसली, तरी तारखांमध्ये दिसतात.

यातच श्रावण येतो. "मी श्रावण पाळतो, मग व्यसनी कसा?" हा युक्तिवाद ठरलेला असतो. वाद घालू नका, चौकशी करा. श्रावणाच्या पहिल्या तीन दिवसांत झोप लागली का, हात थरथरले का? गटारीला किती प्यायलात? महिना संपल्यावर पहिल्या दिवशी किती? महिनाभर थांबणं शक्य झालं, ही त्याची खरी ताकद आहे. ती लिहून ठेवा. कोणामुळे जमलं, संध्याकाळी काय केलं, घरात कोणतं वातावरण होतं, हे आराखड्याला लागणारं सर्वांत मोलाचं साहित्य आहे. माळ घातलेल्यांच्या बाबतीतही तसंच. माळ आधार देते, पण चुकून एकदा घेतली गेली की "आता माळ मोडलीच" म्हणून पुढचे आठ दिवस जातात. त्या क्षणी काय करायचं, हे आधीच ठरवलेलं हवं.

पत्नीशी किमान एक भेट वेगळी घ्या. "वहिनी, घरात हात उचलला जातो का? जीव द्यावासा वाटतो असं ते कधी म्हणाले का?" हे थेट विचारा. आत्महत्येबद्दल त्यालाही थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना मनात येत नाही. हो म्हणाला तर घरातली कीटकनाशकं आणि औषधं त्याच दिवशी हलवायला सांगा, त्याला एकट्याला सोडू नका आणि लगेच मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. शेतकरी घरात तर हे चुकवूच नका. घरच्यांनी चहात कालवून द्यायची पूड आणली असेल तर ती बंद करायला सांगा. तीत डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असलं आणि माणूस वर प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध डॉक्टरच्या सल्ल्याने, त्याच्या संमतीने, यकृताची तपासणी करूनच द्यायचं असतं. माणसाला बळजबरीने उचलून केंद्रात टाकायलाही साथ देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि दाखल करण्याची रीत त्यात ठरवून दिली आहे.

आता आराखडा. एक पान पुरे, आणि समस्या त्याच्या शब्दांत लिहा. 'रुग्णाला अल्कोहोल अवलंबित्व' असं लिहिलं तर तो सही करेल आणि विसरेल. 'पगार झाला की तीन दिवस मी घरी जात नाही' हे त्याचं वाक्य आहे, ते त्याला बांधतं. त्याखाली उद्दिष्ट मोजता येईल असं हवं. 'दारू सोडणे' ही इच्छा झाली. 'पुढचे दोन पगार थेट पत्नीच्या खात्यात, पगाराच्या संध्याकाळी ६ ते १० भावाच्या घरी' हे उद्दिष्ट. प्रत्येक उद्दिष्टापुढे कोण करणार, कधीपर्यंत, आणि जमलं की नाही हे कशावरून कळणार, ते लिहा. तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं घेऊ नका. पानभर नियम पाहून माणूस पुढच्या भेटीला येत नाही.

तयारी किती आहे ते ० ते १० या पट्टीवर विचारा. तो "चार" म्हणाला तर "चारच का?" असं विचारू नका. "शून्य का नाही?" असं विचारा, सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून येतात. तीनच्या खाली असेल तर सोडण्याचा आराखडा करूच नका. त्याऐवजी दोन आठवडे पिण्याची नोंद ठेवणं, रक्ततपासणी आणि पुढची भेट, एवढंच ठरवा.

भेटी पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन, मग तीन महिने आठवड्याला एक, त्यानंतर पंधरवड्याला, आणि एकूण वर्षभर पाठपुरावा. पहिले ९० दिवस घसरण्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्यातले धोक्याचे दिवस कालनिर्णयावर आधीच लाल करा: पगार, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), ३१ डिसेंबर, मेव्हण्याची हळद. प्रत्येक लाल दिवसासाठी तीन गोष्टी: कुठे असेन, कोणासोबत, आणि तलफ आली तर कोणाला फोन. तलफ सहसा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ निभावण्याचं काम ठरलेलं असावं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभेची वेळ पानावर लिहा, पत्नीला अल-अॅनॉन या कुटुंबीयांच्या गटाबद्दल सांगा. रात्री-अपरात्रीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

घसरलाच तर आराखडा फाडू नका. किती प्यायला, हे नंतर. त्या दिवशी दुपारपासून काय-काय घडलं, ते तासातासाने लिहा आणि ज्या तासाला वेगळं काही करता आलं असतं, त्यावर गोल करा. पुन्हा सलग पिणं झालं असेल, तर पहिल्या भेटीतला प्रश्न परत आधी विचारायचा: शेवटची कधी घेतली?