परसातल्या हौदातील आजारी बेडूक: या चुका टाळा

मृगाच्या सरी पडल्या की हौदाच्या काठावर हळदीसारखा पिवळाधमक बेडूक दिसतो आणि त्याला काहीतरी रोग झाला असे समजून घरची माणसे त्याला उचलून आणतात. तो आजारी नसतो. विणीच्या दिवसांत मोठ्या बेडकाचा, म्हणजे इंडियन बुलफ्रॉगचा, नर असाच पिवळा होतो. जुनी कात ओढून तोंडात घालणारा बेडूकही निरोगीच समजावा. खरोखर आजारी असलेला बेडूक भर दिवसा उघड्यावर बसून राहतो, हात जवळ नेला तरी उडी मारत नाही आणि उलटा पडला तर त्याला सरळ होता येत नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते पोटाखालच्या त्वचेतून शोषून घेतो आणि श्वासही काही प्रमाणात त्वचेतूनच घेतो. बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात. गेल्या श्रावणात मांडीला जखम झालेला एक बेडूक आमच्या परसात सापडला, तेव्हा आईने मायेने त्यावर हळद दाबली. पुडीने अंगावरचा बुळबुळीतपणा शोषून घेतला, कातडी कागदासारखी दिसू लागली आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याने मला ती बराच वेळ धुवावी लागली. मीठ, साबणाचे किंवा सॅनिटायझरचे हात आणि कोरडी बोटे यांनीही अशीच इजा होते. हात स्वच्छ पाण्याने ओले करूनच त्याला उचलावे आणि नंतर मात्र साबणाने धुवावेत.

नळाचे किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे ताजे पाणी वापरू नये. ते घमेल्यात उघडे ठेवून किमान 24 तासांनी घ्यावे. अशक्त बेडूक खोल बादलीत बुडून मरतो, म्हणून पसरट टोपल्यात बोटभर पाणी ठेवून त्यात कवेलूचा तुकडा तिरपा टेकवावा आणि टोपले सावलीत ठेवावे. बळजबरीने खाऊ घालण्याच्या भानगडीत पडू नये.

पऱ्हाटीच्या फवारणीच्या दिवसांत पंप हौदाशी धुणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. पाय थरथरणे आणि मग लुळे पडणे अशी लक्षणे दिसली, तर आधी कीटकनाशकाचा संशय घ्यावा. त्यावर घरगुती उतारा नाही, फक्त अंग धुवून टोपल्यातले पाणी बदलत राहावे. मांड्यांवर आणि पोटावर लाली दिसली, तर तो बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. अशा वेळी गोठ्यातले उरलेले औषध न देता पशुवैद्यकाला विचारावे किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

बरा झालेला बेडूक दुसऱ्या तळ्यात सोडू नये, कारण त्याच्यासोबत बुरशी आणि विषाणूही तिकडे जातात. सांजवेळी त्याला त्याच्याच हौदाकाठी सोडावे. हौदात फवाऱ्याचे पाणी गेले असेल, तर तो उपसून नवे पाणी भरेपर्यंत थांबावे.