जुनी थार हिवाळ्यात स्पितीला नेताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या ऑफरोडवाल्यांत दरवर्षी तोच बेत शिजतो: हिमाचलमधली बर्फातली स्पिती. गाडी बहुतेक वेळा 2010 ते 2020 या काळातली 2.5 लिटर सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थार, नाहीतर जिप्सी किंवा फोर बाय फोर बोलेरो. सह्याद्रीच्या चिखलात मुरलेली, ओढे-नाले तुडवून आलेली. मग मालक उरलेलं बजेट विंच, लाइटबार आणि गाडी उंच करायच्या लिफ्ट किटवर उडवतो. माझं म्हणणं असं, की उणे वीस अंशांत लोखंड क्वचितच दगा देतं. दगा देतं ते गाडीतलं पातळ आणि रबरी. कूलंट, डिझेल, इंजिन ऑइल, बॅटरीतलं ॲसिड, टायर, होज पाइप. खर्चाची यादी तिथून सुरू करा.

रस्त्याचं आधी सांगतो. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते. अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौलपर्यंत जाता येतं, पण तिथून पुढे काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठता येत नाही. म्हणजे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असाच लांबचा रस्ता. या रस्त्याचा एक फायदा आहे, तो शेवटी सांगतो.

रेडिएटरमध्ये नेमकं काय आहे ते न बघणं

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बोट बुडवा. हिरवा किंवा गुलाबी, किंचित चिकट द्रव लागला तर ठीक. विटकरी रंगाचं पाणी आणि झाकणाच्या रबरावर गंजाचा थर दिसला, तर त्या गाडीत कूलंट नावापुरतंच उरलंय. दहा-बारा वर्षांच्या गाडीत हे सर्रास सापडतं. प्रत्येक घाटात कुणीतरी बाटलीभर पाणी ओतलेलं असतं आणि आपल्याकडे त्याने काही बिघडतही नाही. पण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. इंजिन ब्लॉकच्या भोकांत ठोकलेल्या धातूच्या चकत्या, म्हणजे वेल्श प्लग, निसटले तर नशीब म्हणायचं, नाहीतर ब्लॉकलाच तडा जातो.

उपाय सोपा आहे. सगळं काढा, सिस्टीम फ्लश करा, आणि ग्लायकॉलचं कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. इथे काहीजण उत्साहाच्या भरात नुसतं कॉन्सन्ट्रेट भरतात. ते उलट अंगाशी येतं, कारण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलंय की ‘कॉन्सन्ट्रेट’, हे वाचूनच ओता.

याच कामात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह, आहे का तेही बघून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी मेस्त्रींनी जुन्या गाड्यांमधून तो ‘गाडी तापू नये म्हणून’ काढून टाकलेला असतो. गाडी दहा हातांतून फिरलेली असेल, तर मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लक्षण ओळखायला सोपं: अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा तळालाच, आणि हीटरमधून कोमट हवा. काटा वर आहे आणि तरीही हवा गार येतेय, तर हीटर कोअरचे (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) दोन पाइप एकमेकांना जोडून बायपास केलेत का ते फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, वाकून बघा. कोअर गळू लागला की समुद्रकाठच्या गॅरेजमध्ये हाच जुगाड करतात. मुंबईत हीटर लागतोय कुणाला!

डिझेल: टाकी मैदानातच फुल्ल करून निघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थंडीत डिझेलमधलं मेण बारीक स्फटिकांच्या रूपात वेगळं होऊ लागतं. टाकीतलं डिझेल अजून हलतंय असं दिसत असतं, पण फिल्टरच्या कागदावर मेणाचा लेप बसलेला असतो. गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते, गचके देते आणि बंद पडते. आपल्या डिझेलच्या भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी 6 अंश आणि उन्हाळ्यासाठी 18 अंश आहे. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल त्याहून बरं असू शकतं, पण पुण्यात किंवा चंदीगडला भरलेल्या टाकीवर काझाच्या पहाटेचा भरवसा ठेवता येत नाही.

इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. ते उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहतं. तुम्ही जाल त्या भागातल्या पंपावर सध्या कोणतं डिझेल आहे, हे तिथेच विचारा. बेत असा ठेवा, की वर पोहोचता पोहोचता टाकी बरीच रिकामी असेल आणि वरच्या पंपावर भरून घेता येईल. मात्र दोन पंपांमधलं अंतर आधी पाहून ठेवा.

घट्ट न होण्यासाठीचं ॲडिटिव्ह सोबत न्यायचं असेल, तर ते थंडी लागण्याआधी, डिझेल भरतानाच टाकायचं. मेण जमल्यावर नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही. रॉकेलचा सल्ला रस्त्यात हमखास मिळेल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डीआय इंजिनांनी तो पचवला असेलही, पण सीआरडीईचा हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर जगतात. रॉकेलमध्ये ते वंगण कमी असतं. पेट्रोल मिसळायचा तर विचारही नको.

निघण्यापूर्वी फिल्टर बदला आणि एक नवा सोबत ठेवा. फिल्टरखालचा ड्रेन सैल करून साचलेलं पाणी काढा. कधीकधी मेण नव्हे, हे पाणीच गोठतं, आणि लोक मग बिचाऱ्या डिझेलला शिव्या घालत बसतात. जिप्सी पेट्रोलवर चालते, त्यामुळे जिप्सीवाल्यांनी हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल.

‘बॅटरी इथे तर मस्त चालते’

इथे मस्त चालते, कारण इथे तिला फारसं काम नाही. उणे 18 अंशांत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फला दुप्पट जोर लागतो. तीन-चार वर्षांची बॅटरी असेल तर बदलून टाका. नवी घेताना अँपिअर-तासांसोबत थंडीत सेल्फ मारण्याची क्षमता, म्हणजे सीसीए, विचारा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. 12.0 दिसले तर बॅटरी तीन चतुर्थांश रिकामी आहे. पूर्ण चार्ज बॅटरी उणे 50 लाही गोठत नाही, पण रिकामी बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते आणि तिचा डबा फुगतो. गोठलेल्या बॅटरीला जंप द्यायचा नाही.

जुन्या थारमध्ये बॅटरीपेक्षाही अर्थिंग जास्त सतावते. चासी ते इंजिन जाणारी वेणीसारखी पट्टी काढा, दोन्ही टोकांचा रंग-गंज घासून पत्रा चकचकीत करा, परत घट्ट आवळा. शंभर रुपयांचं काम, आणि कधीकधी ‘मेलेला’ सेल्फ त्यातच जिवंत होतो.

हीटर प्लगचंही (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तसंच. पुण्यात चारातले तीन गेलेले असले तरी गाडी बिनबोभाट सुरू होते. मल्टीमीटर लावून प्रत्येक प्लगचा रोध तपासा. चांगल्या प्लगला तो जेमतेम एखाद-दोन ओहम असतो, जळालेल्याला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक निघाले तर त्यांना वीज देणारा रिले बघा.

ऑइलच्या डब्यावरचा ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीसाठीच असतो. मानकात 20डब्ल्यूची सेल्फ मारण्याची चाचणी उणे 15 ला होते, 15डब्ल्यूची उणे 20 ला, 5डब्ल्यूची उणे 30 ला. जुन्या जीपमध्ये सवयीने 20डब्ल्यू-50 भरणाऱ्यांनी यावरून काय ते समजावं. इंजिनाच्या पुस्तिकेत चालत असेल तर 5डब्ल्यू-40 भरा.

मड टेरेन टायर घालून बर्फात

पावनखिंडीच्या चिखलात जो टायर राजा, तो बर्फाच्या काचेवर भिकारी. मड टेरेनचे, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे, मोठे ठोकळे भुसभुशीत बर्फ खणतात खरे, पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर किंवा ओढ्याचं पाणी रस्त्यावर गोठून झालेल्या थरावर त्यांना पकड नाही. कारण रबर थंडीत कडक होतं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात. टायरच्या कडेला तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेला ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचा) टायर शोधा. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) लिहिलंय म्हणून भुलू नका, ते बहुतांशी नक्षीपुरतंच असतं. आणि टायरचं वय बघा. सात वर्षांचा टायर खोल नक्षीचा असला तरी बर्फासाठी बाद.

हवेचा हिशेब गमतीचा आहे. पुण्यात 30 अंशांत भरलेले 32 पीएसआय नुसत्या उणे 20 च्या थंडीने 24 पर्यंत उतरतील. पण काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, बाहेरच्या हवेचा दाब तिथे कमी, म्हणून गेज प्रत्यक्षात 29 च्या जवळपास दाखवेल. तेव्हा घाबरून हवा भरत सुटू नका. सकाळी, चाकं थंड असताना मोजा. खरी फसगत परतीच्या वाटेवर होते. वर भरलेली हवा तुम्ही खाली आल्यावर गेजवर पुन्हा वेगळीच दिसते, म्हणून खाली येऊन परत मोजायची.

बर्फासाठी चाकांवर चढवायची चेन घरी, अंगणात, हातमोजे घालून एकदा चढवून बघा. मोठे टायर टाकले असतील तर चेन ब्रेक होजला किंवा आतल्या फेंडरला घासते का, हे तिथेच कळेल. शक्य असेल तर चारही चाकांना घाला. नुसत्या मागच्या चाकांना घातली तर उतारावर पुढची चाकं स्टिअरिंगचं ऐकत नाहीत. नुसत्या पुढच्यांना घातली तर शेपूट फिरते. थोडं चालवून पुन्हा आवळा, वेग तिशीच्या आत ठेवा आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की काढा.

अडकल्यावर फोर बाय फोर लावणं

काहींचा ट्रान्सफर केसचा, म्हणजे फोर बाय फोर लावायच्या गिअरबॉक्सचा, दांडा वर्षातून एकदाच हलतो. मग बर्फात फोर बाय फोरचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. पुढच्या चाकांची व्हॅक्यूमवर चालणारी जोडणी असेल तर तिचे रबरी नळ तडकलेले असतात. थंडीत ते आणखी कडक होऊन गळतात. नळ बदला, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला, आणि महिनाभर आधी मातीच्या रस्त्यावर 4 एच (हाय) व 4 एल (लो) दोन्ही लावून बघा. कोरड्या डांबरावर लावायचं नाही, गिअर ताणले जातात. वर गेल्यावर बर्फ दिसला की आधीच 4 एच.

फोर बाय फोरने गाडी निघते, थांबत नाही. 2019 पूर्वीच्या थारमध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. उतारावर खालचा गिअर टाका, ब्रेक हलका द्या. तिरक्या बर्फावर मागचा लॉकर (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारी जोडणी) लागला तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी दरीकडे सरकते, म्हणून अशा जागी ॲक्सिलरेटर जपून.

लिफ्टबद्दल एवढंच: पुढचे टॉर्शन बार आवळून उंची मिळते, पण ॲक्सलचे कोन बिघडतात आणि ॲक्सलच्या सांध्यांवरचे, थंडीने कडक झालेले रबरी बूट फाटतात. लाइटबार हिमवर्षावात समोर पांढरी भिंत उभी करतो. खाली बसवलेले पिवळे फॉग लॅम्प त्याहून कामाचे. पाण्यातून जाताना हवा घ्यायच्या उंच नळीबद्दल, म्हणजे स्नॉर्केलबद्दल, काही बोलत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर

हँडब्रेक ओढू नका, ओली केबल गोठते. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. वायपर उचलून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. वॉशरच्या टाकीतलं साधं पाणी पुण्यातच काढून टाका.

पहाटे सेल्फ नुसता ‘टक’ करतो, तर बॅटरी आणि अर्थिंग बघा. जोरात फिरतो पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोहोचत नाही: आधी फिल्टर. पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, तर हीटर प्लग. टाकीखाली पेटत्या चिंध्या ठेवणारे ट्रकवाले दिसतील, त्यांचं बघून आपण करू नये. फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा आणि ऊन येईपर्यंत थांबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही.

आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, कितीही थंडी असली तरी. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठेतरी गळत असतो, फ्लोअरला भोकं असतात, त्यात बर्फाने नळीचं तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

आता त्या लांबच्या रस्त्याचा फायदा. शिमल्याच्या पुढे सुमारे 65 किलोमीटरवर, 2,700 मीटर उंचीवर नारकंडा आहे. तिथे एक रात्र गाडी उघड्यावर लावा. सकाळी ती कशी सुरू होते, हीटर किती वेळात तापतो, रेडिएटरखाली ओल आहे का, हे बघा. काही खटकलं तर मागे शिमल्यात बॅटरी मिळते, प्लग मिळतात, गॅरेज आहेत. पिओच्या पुढे तुमच्या गाडीचा फिल्टर मिळाला तरी खूप.