परदेशी इंटर्नशिपसाठी संघटनांची हातमिळवणी: या चुका टाळा

नेरूळच्या एका कॉलेजमध्ये आमचा कार्यक्रम नुकताच संपला होता. आमची परदेशी इंटर्नशिप देणारी विद्यार्थी संघटना आणि तिथला कोडिंग क्लब यांनी मिळून तो घेतला होता. आम्ही बॅनर गुंडाळत होतो, तेवढ्यात थर्ड इयर आयटीची एक मुलगी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रेझ्युमे घेऊन आली. "ताई, मी महिन्यापूर्वीच फॉर्म भरलाय. क्लबच्या दादाला विचारलं तर तो म्हणाला, पुढचं त्यांच्याकडे आहे. तुमच्या मुलाला मेसेज केला तर तो म्हणाला, तुमच्या क्लबला विचार. मी नक्की विचारायचं कुणाला?" तिने फोन पुढे केला. दोन्ही चॅट उघडे होते आणि दोन्हींत तिचाच मेसेज शेवटचा होता. तिने अर्ज केलेली जागा आठवडाभरापूर्वीच बंद झाली होती. ते तिला मीच सांगितलं.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं होतं. त्यानंतर ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या बऱ्याच कॉलेजांत अशा भागीदाऱ्या जुळताना आणि फिसकटताना मी पाहिल्या. फिसकटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. क्लब आपल्याला नुसती मुलांची यादी देत नाही. 'हे लोक चांगले आहेत, जा त्यांच्याकडे' असं तो आपल्या ज्युनियरांना स्वतःच्या शब्दावर सांगतो. तो शब्द पाळायची जबाबदारी कुणाची, हे न ठरवताच आपण पोस्टर बनवायला घेतो.

मुलाचं नाव कुणाच्या वहीत आहे?

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी आणि जास्त लिहिते.

दोन संघटनांच्या लेखी करारात (एमओयू) लोगो, स्टेज आणि इन्स्टाग्राम पोस्ट यांची वाटणी होते. मुलाच्या जबाबदारीची होत नाही. फॉर्म भरल्यापासून विमानात बसेपर्यंत त्याला निदान सात-आठ वेळा कुणीतरी फोन करावा लागतो: रेझ्युमे दुरुस्त कर, ही जागा वाच, मुलाखत अमुक दिवशी आहे, कॉलेजचं ना-हरकत पत्र (एनओसी) आण, व्हिसाची अपॉइंटमेंट घे. यातला प्रत्येक फोन 'त्यांनी केला असेल' असं म्हणत सुटू शकतो.

आम्ही शेवटी एक साधी शीट केली. मुलाचं नाव, त्याची जबाबदारी घेतलेल्या एकाच व्यक्तीचं नाव, आणि पुढचा फोन कोणत्या तारखेला करायचा ते. संघटनेचं नाव त्या रकान्यात चालत नाही, माणसाचंच लागतं. दर रविवारी रात्री दोन्हीकडचा एकेक जण पंधरा मिनिटं कॉलवर बसून तारीख उलटलेली नावं वाचतो. फॉर्म आल्यापासून दोन दिवसांच्या आत पहिला फोन गेलाच पाहिजे. त्या मुलाला देण्यासारखी जागा नसली तरी फोन करायचा आणि तसं स्पष्ट सांगायचं. नकार मिळालेली मुलंही पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन आलेली मी पाहिली आहेत. ज्यांना उत्तरच मिळालं नाही, ती परत फिरकली नाहीत.

'एक्स्पोजर मिळेल' असं सांगून क्लब गाठणं

आयसेक आणि आयएस्टे या दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटना 1948 मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिल्या. आयसेकमध्ये सगळ्या शाखांचे तरुण असतात, आयएस्टे मुख्यतः तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. परदेशातल्या कंपन्यांपर्यंत अशा संघटना पोचतात. पण ऐरोली, कोपरखैरणे किंवा कासारवडवलीच्या कॉलेजात उत्तम कोड लिहिणारी मुलं कोण आहेत, हे त्यांना कळत नाही. ते आयईईई, एसीएम किंवा सीएसआय या तंत्रज्ञांच्या संघटनांच्या कॉलेजातल्या शाखेला, म्हणजे चॅप्टरला, माहीत असतं, कारण हॅकेथॉनच्या रात्री त्या मुलांसोबत जागलेले तेच असतात.

म्हणजे क्लबकडे मोलाची गोष्ट आहे. बदल्यात आपण काय देतो? 'एक्स्पोजर' या शब्दाला क्लब कंटाळलेत. पहिल्या भेटीत स्लाइड दाखवू नका. 'या वर्षी तुमचं काय अडलंय?' एवढंच विचारा. एका चॅप्टरला वार्षिक अहवालासाठी दोन तांत्रिक सत्रं हवी होती. परदेशात इंटर्नशिप करून आलेल्या मुलाला आम्ही तिथे नेलं. भटकंतीच्या फोटोंऐवजी त्याने तिथल्या टीममध्ये कोड रिव्ह्यू, म्हणजे एकमेकांचा कोड तपासणं, कसं होतं ते तासभर दाखवलं, आणि मुलं त्याला सोडेनात. दुसऱ्या क्लबला इंग्रजी मुलाखतींचा सराव हवा होता. हे देणं आपल्याला सहज जमतं, फक्त विचारावं लागतं.

तांत्रिक चाळणी मात्र क्लबकडेच द्या. बॅकएंडच्या (सर्व्हरवरच्या कोडच्या) जागेसाठी 'वेबसाइट बनवता येते' एवढ्यावर नाव पाठवलं, की पहिल्याच फेरीत मुलगा अडकतो आणि ती कंपनी आपल्या पुढच्या नावांकडेही संशयाने बघते. क्लबमधल्या एखाद्या सीनियरने मुलाचं गिटहब (त्याचा कोड ठेवलेलं ऑनलाइन खातं) उघडून 'हा भाग तू का असा लिहिलास?' असं विचारलं, तर दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

आयएस्टेसारख्या व्यवस्थेत देवाणघेवाण हाच पाया असतो, हेही पुष्कळ जण विसरतात. जानेवारीतल्या वार्षिक परिषदेत देश एकमेकांना जागा देतात आणि घेतात. आपल्याकडच्या कंपन्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा दिल्या, तर आपल्या मुलांसाठी तिकडे जागा मिळतात. महापे, ऐरोली आणि वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत क्लबचे माजी विद्यार्थी बसलेले असतात. त्यांना दिवाळीच्या आधी भेटायला हवं. ओळख क्लबने करून द्यायची आणि कागदपत्रं आपण सांभाळायची, ही वाटणी चांगली चालते.

कॅलेंडर उलटं न मोजणं

जूनमध्ये जायचं म्हणून मार्चमध्ये पोस्टर लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत एप्रिल सबमिशन आणि ओरल्समध्ये जातो, मे परीक्षेत. त्या काळात मुलगा तुमचा फोन उचलणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

शेवटाकडून मोजा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंतही जाऊ शकतात. त्यात तो अल्पमुदतीचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांपुरताच असतो. जास्त मुदतीच्या किंवा पगारी इंटर्नशिपसाठी बहुतेक वेळा त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, त्याला आणखी वेळ जातो. अमेरिकेत जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसासाठी तिथल्या मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेकडून डीएस-2019 हा फॉर्म आधी मिळावा लागतो. जर्मनीत साधारणपणे परदेशी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याची चार सेमिस्टर पूर्ण झालेली असावी लागतात. हे माहीत नसल्याने फर्स्ट इयरच्या वर्गांतून जर्मनीसाठी फॉर्म गोळा केलेले मी पाहिलेत. ती मुलं उगीच आशेला लागली.

आणि या सगळ्याच्या आधी पासपोर्ट. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचा कागदोपत्री पत्ता जळगावचा, राहणं खारघरला, म्हणून पोलीस व्हेरिफिकेशन लांबतं. 'पासपोर्ट आहे का, किती वर्षं शिल्लक आहेत?' हा प्रश्न फॉर्मवर पहिल्याच ओळीत घाला. नसेल तर ऑगस्टमध्येच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायला लावा. साध्या अर्जाचे 1,500 रुपये लागतात, तत्काळचे त्यावर आणखी 2,000.

थोडक्यात, क्लबशी पहिलं बोलणं जुलैत व्हायला हवं, नवी कमिटी बसते तेव्हा.

पैसे आणि पालक

फीबद्दल ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या संघटनेची फी किती, ती कधी भरायची, निवड झाली नाही तर परत मिळते का, विमान, विमा आणि व्हिसाचा खर्च कोणाचा, स्टायपेंडमध्ये तिथलं घरभाडं निघतं का, हे सगळं एका कागदावर मराठीत लिहा आणि आधी क्लबच्या हातात द्या. कळव्याला राहणारे, कंपनीत शिफ्ट करणारे वडील तिसऱ्या भेटीत हा खर्च पहिल्यांदा ऐकतात तेव्हा चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

पालकांची भेट शनिवारी संध्याकाळी ठेवा आणि मराठीत बोला. त्यांचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो. तो वाजवी आहे. परदेशी नोकरीच्या खोट्या ऑफरनी आयटी शिकलेल्या तरुणांना थायलंडला बोलावून तिथून बेकायदा म्यानमारमध्ये नेल्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच सावध केलं होतं. म्हणून प्रत्येक जागा दोघांनी तपासायची: कंपनीची नोंदणी, तिच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं पत्र, व्हिडिओ कॉलवर बोललेला मॅनेजर. मध्ये एजंट असेल तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ' असं कुणी म्हटलं, की ती जागा तिथेच सोडायची, कितीही चांगली दिसत असली तरी.

काही लहान गोष्टी

मुलांचे फोन नंबर आणि मार्कशीटची एक्सेल व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. माहिती कोणाला आणि कशासाठी देणार हे फॉर्मवरच लिहा आणि संमती घ्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाच आहे, पण तो नसता तरी एखाद्या मुलीचा नंबर दोनशे जणांच्या ग्रुपवर जाणं चूकच होतं.

आंतरराष्ट्रीय चॅप्टरच्या लोगोला त्यांचे नियम असतात. छापण्याआधी फॅकल्टी को-ऑर्डिनेटरना दाखवा. आणि संयुक्त कार्यक्रम पाच वाजता नेरूळला ठेवून घोडबंदर रोडच्या मुलांची वाट बघू नका. ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्सहार्बर लोकलवर मध्ये पडणारं कॉलेज निवडा, घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूचं.

अडलंच तर

फॉर्म शंभरावर आणि मुलाखतीला मोजकी मुलं, असं झालं तर फॉर्म फार सोपा होता असं समजा. त्यात एक प्रश्न वाढवा: तुम्ही स्वतः केलेल्या एका प्रोजेक्टबद्दल दहा ओळी लिहा. फॉर्म कमी येतील, मुलाखतीला येणारी मुलं वाढतील.

कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी (टीपीओ) एनओसीवर सही करत नसतील, तर त्यांची अडचण बहुधा हजेरीची किंवा कॅम्पस प्लेसमेंटच्या तारखांची असते. क्लबच्या फॅकल्टीसोबत जा, इंटर्नशिपच्या नेमक्या तारखा आणि तासांचं पत्र घेऊन जा. एकट्या विद्यार्थ्याला पाठवू नका.

निवड होऊन मुलगा मागे फिरला, तर क्लबला दोष देण्याआधी त्याच्या घरी फोन करा. आमच्या एका मुलाला आदल्या सेमिस्टरची केटी (नापास विषय पुन्हा देणं) लागली होती आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. आम्ही कंपनीला कळवलं आणि तारीख सहा आठवडे पुढे ढकलून मिळाली.

कमिटी बदलली आणि नव्या अध्यक्षांना तुमचं नावही माहीत नाही, ही अडचण दर जुलैत येते. जुन्या आणि नव्या दोन्ही टीमना एकाच टेबलावर बसवा, ती शीट उघडा, आणि अजून परदेशात असलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे नव्या माणसाचं नाव तिथेच लिहून घ्या. मग लगेच त्या मुलाला फोन लावा आणि नव्या दादाशी किंवा ताईशी त्याचं बोलणं करून द्या.