पामटॉप घ्यायचाय? आधी सेलचं झाकण उघडा

मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी कॉलेज रोडला सिझेरियन, दुपारी पंचवटीत हर्निया, संध्याकाळी नाशिकरोडला कुणाचं तरी मोडलेलं मनगट, असा फिरता संसार गेली पंचवीस-सव्वीस वर्षं चाललाय. अशा माणसाच्या खिशात तीन गोष्टी लागतात: कुठे जायचंय, किती वाजता, आणि कुणाकडून पैसे यायचे राहिलेत. २००१ साली मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तो माझ्यासाठी पाम कंपनीचा एम-१०५ घेऊन, म्हणजे तळहातावर मावणारा डायरीवजा संगणक, पामटॉप. तेव्हापासून ॲप्रनच्या खिशात एक ना एक पामटॉप आहेच. ओटीतले मामा त्याला ‘मॅडमची पाटी’ म्हणतात आणि स्टायलस खाली पडला की ‘मॅडम, काडी’ म्हणून आणून देतात.

हल्ली आमच्याकडची नवी मुलं विचारतात, मॅडम, असा कुठे मिळेल? त्यांची तक्रार एकच: पुढची केस किती वाजता आहे हे बघायला फोन काढतो आणि दहा मिनिटांनी कळतं की तेवढंच बघायचं राहिलं. पामटॉपवर असं होत नाही, कारण त्याच्यावर बघण्यासारखं दुसरं काही नसतंच. बटण दाबलं की डायरी उघडते, क्षणाचाही उशीर नाही. पण हे यंत्र वीस-पंचवीस वर्षांचं म्हातारं आहे. कुठलंही उचललं आणि वापरलं, असं होत नाही.

पैसे घालण्याआधी फुकटात खेळून बघा. इंटरनेट आर्काइव्हवर २०२२ पासून पामचे जुने प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालवता येतात. दोन संध्याकाळी त्यात घालवा. कंटाळा आला तर तुमचे पैसे वाचले.

दुसरी गोष्ट मी पामच्या जनकाकडून उचलली आहे. पामचं पहिलं यंत्र, पायलट, १९९६ मध्ये आलं, पण त्याआधी जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत असे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा. तुम्ही ठोकळा नका घेऊ, लोक काळजी करतील. आठ दिवस एक छोटी वही खिशात ठेवा आणि तिच्यात काय काय लिहिलं जातं ते पाहा. वेळा, फोन नंबर, किराणा आणि उधारी एवढंच निघालं तर तुम्हाला रंगीत पडद्याची गरज नाही. पानंच्या पानं मजकूर लिहिला असेल तर तुम्हाला कीबोर्डवालं यंत्र हवं, त्याबद्दल पुढे सांगते.

आता मुख्य मुद्दा. लोक पडदा बघतात, मी पोट बघते. हे यंत्र काय खातं आणि उपाशी राहिलं तर काय होतं, या दोन प्रश्नांवर निवड करा.

जुन्या पाममध्ये सगळी माहिती रॅममध्ये असते. वीज गेली की माहिती गेली. हे मला पुस्तिकेतून नाही, २००३ च्या मे महिन्यात कळलं. दहा दिवस दापोलीला गेलो आणि एम-१०५ कपाटात राहिला. सेल आधीच अर्धे संपलेले होते, हे मला माहीत होतं. आल्यावर नवे सेल घालून बटण दाबलं तर पडदा मलाच विचारतोय, आपण कुठल्या देशात आहात? दोन महिन्यांच्या केसेसची नोंद आणि येणी साफ. लोकांना भूल देणारी बाई, आणि भूल झाली ती अशी. पुढचे पंधरा दिवस एकेका नर्सिंग होमच्या रजिस्टरवरून माझीच कुंडली उतरवून घेत फिरले. दोन ठिकाणचे पैसे मी सोडून दिले, कारण मागायची लाज वाटली.

तर पहिला प्रकार सेलवाल्यांचा. पाम थ्री मालिका (रंगीत थ्री-सी सोडून), एम-१००, एम-१०५, एम-१२५ आणि हँडस्प्रिंग कंपनीचा साधा व्हायझर. यांना रिमोटमधले बारीक एएए सेल दोन लागतात आणि ते तीन-चार आठवडे चालतात. सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात, म्हणून यंत्र कितीही जुनं झालं तरी बॅटरीअभावी मरत नाही. माझी पसंती एम-१२५ ला. २००१ चा, आठ एमबीचा, काळापांढरा. पण त्याला एसडी कार्डाची खाच आहे आणि संगणकाला तो यूएसबीने जोडता येतो. एम-१०५ वर माझा जीव आहे, पण त्याचा पडदा लहान आहे आणि जोडणी सिरियल पोर्टची. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, मध्ये कन्व्हर्टरची वायर लावावी लागते.

सेल बदलताना पुस्तिका म्हणते, मिनिटभर माहिती टिकते. ते यंत्र नवं असताना. तेवढी वीज साठवणारा आतला कपॅसिटर आता म्हातारा झालाय, ते मिनिट शून्य समजा आणि बॅकअप घेतल्याशिवाय झाकण उघडू नका. चार्जिंगचे सेल वापरायचे असतील तर एक गुपित सांगते. पडद्याखालच्या लिहिण्याच्या चौकोनात शॉर्टकटची खूण काढा (इंग्रजी धावत्या लिपीतल्या एल सारखी गाठ), मग दोनदा टोचून टिंब द्या, मग सात लिहा. असं प्रत्येक वेळी केलं की पाम सेलचा प्रकार बदलतो आणि बॅटरीचा काटा खोटं बोलायचं थांबतो. गंमत म्हणून सातच्या जागी एक किंवा दोन मात्र लिहू नका. त्याने यंत्र प्रोग्रामर लोकांसाठीच्या वेगळ्याच अवस्थेत जातं आणि सेल भराभर पितं. त्यातून बाहेर काढायला रीसेट करावं लागतं.

दुसरा प्रकार आतल्या चार्जिंग बॅटरीचा. पाम फाइव्ह, एम-५१५, टंगस्टन ई. दिसायला फार देखणे. १९९९ च्या पाम फाइव्हचा ॲल्युमिनियमचा देह आजच्या फोनांना लाजवेल. पण त्याची बॅटरी आत बंद, कवच गोंदाने चिकटवलेलं, उघडायला गरम करावं लागतं. आणि बॅटरी मेली की पुन्हा तेच, माहिती शून्य. एमजी रोडवर मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा असली कामं मला करून देतो. तसा कुणी हाताशी असेल तरच या वाटेला जा.

यातून पळवाट आहे. २००४-०५ पासूनच्या काही मॉडेलांत माहिती फ्लॅश मेमरीत राहते: टंगस्टन ई-२, टी-एक्स आणि छोटा झेड-२२. बॅटरी संपली तरी डायरी शाबूत. मला स्वतःला ते जरा जड चालीचे वाटतात, पण विसराळू माणसाने हेच घ्यावेत. टी-एक्सला वाय-फाय आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आजच्या वेबसाइट त्याला झेपत नाहीत. (माझ्या मते हाच त्याचा गुण.)

कीबोर्डवाल्यांसाठी सायन (Psion) कंपनीचं यंत्र, त्यातही १९९९ चा सिरीज फाइव्ह एमएक्स. साधे दोन पेन्सिल सेल, जोडीला नाण्याएवढा राखीव सेल, आणि माहिती काढायला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, म्हणजे संगणकाशी जुळवणीची कटकटच नको. उघडताना कीबोर्ड पुढे सरकतो आणि पडदा मागे टेकतो, हे बघायलाच छान. पण त्या उघडझापीत पडद्याची पट्टीवजा वायर तुटते. घेताना वीसेक वेळा उघडून मिटवून बघा. पडद्यावर रेघा आल्या की नमस्कार करून निघा.

आयपॅक आणि त्याचे पॉकेट पीसी भाऊबंद, म्हणजे विंडोजवाले पामटॉप, मी वापरले नाहीत. २००५ च्या विंडोज मोबाइल फाइव्हच्या आधीचे असतील तर त्यांचंही पोट रिकामं झालं की स्मरण जातं, एवढं ध्यानात ठेवा.

कुठे मिळतील? पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी. मला तिथे एक एम-१२५ तीनशेला मिळाला. विकणाऱ्याला तो कॅल्क्युलेटर वाटत होता, मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. शिवाय ऑनलाइन, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे परदेशी राहिलेल्या नातेवाइकांचे कप्पे. एकदा विचारून तर बघा.

बाजारात जाताना नवे सेल, एक पेपर क्लिप आणि बोथट काडी घेऊन जा. पडदा बघायच्या आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी किंवा हिरवट भुकटी असेल तर जुना सेल फुटून पाझरलाय. पत्र्यांवर नुसती साय असेल तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसता येते, लिंबाचा रसही चालतो. नंतर कोरडं करायचं. स्प्रिंगच कुजली असेल तर सोडून द्या. मग सेल घालून पडद्याची जुळवणी करा. तो मागेल त्या खुणांवर काडी टेकवायची. त्यानंतर नोंदवहीत चारी कोपऱ्यांत टोचून बघा. टोचता एकीकडे आणि उमटतं भलतीकडे, असं जुळवणीनंतरही होत असेल तर तो पडदा थकला. लिहिण्याच्या चौकोनावर ओरखडे असतातच, आधीच्या मालकाच्या हातचे. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तिथे लावला की काडी पुन्हा नीट सरकते.

पसंत पडलं की आधीच्या मालकाची माहिती पुसा. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पाठीमागच्या भोकात क्लिपने रीसेट दाबून सोडायचं, बोधचिन्ह दिसलं की पॉवर सोडायचं. मग यंत्र विचारतं, सगळं पुसू? वरच्या दिशेचं बटण म्हणजे होय. वाचत बसू नका. तीनशेवाल्यात कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची आमंत्रितांची यादी होती. माझी नजर गेलीच, पण लगेच पुसली.

बॅकअपबद्दल थोडक्यात. जुना विंडोज एक्सपीचा लॅपटॉप घरात असेल तर भंगारात देऊ नका, पामचा सगळ्यात चांगला मित्र तोच. चौसष्ट बिटच्या विंडोजवर पामचं मूळ यूएसबी ड्रायव्हर चालत नाही. लिनक्स येत असेल तर जे-पायलट हा प्रोग्राम वापरा. यातलं काहीच जमत नसेल तर सरळ दोन पाम घ्या आणि रविवारी एकातून दुसऱ्यात इन्फ्रारेडने नोंदी पाठवा. समोरासमोर धरायचे, मेन्यूतून बीम म्हणायचं. एके काळी कॉन्फरन्समध्ये आम्ही ओळखीची कार्डं अशीच द्यायचो, पत्त्याचं बटण दोन सेकंद दाबून. एसडी कार्डवर घेणार असाल तर जुनं छोटं कार्ड शोधा. हल्लीची मोठी कार्डं या खाचेत बसतात, पण वाचली जात नाहीत.

आता लिहिणं. पामची ग्राफिटी लिपी म्हणजे बहुतेक अक्षरं एका फटकाऱ्यात. ए म्हणजे नुसतं घराचं छप्पर, मधली आडवी दांडी नाही. टी आपल्याला सोपा जातो: शिरोरेघ ओढा आणि तिच्या उजव्या टोकाला काना उतरवा. एफ त्याच्या उलट, शिरोरेघ उजवीकडून डावीकडे आणि मग खाली. व्ही सारखा यू होतो, म्हणून तो उजवीकडून डावीकडे काढा. आठवडाभरात हात बसतो. २००३ पासूनच्या मॉडेलांत बदललेली दुसरी ग्राफिटी आहे. झेरॉक्सने पहिल्या लिपीवरून पेटंटचा दावा लावला होता, त्यामुळे. तिच्यात टी, आय, के अशा अक्षरांना दोन फटकारे लागतात. पहिली शिकून दुसरीकडे गेलात तर महिनाभर चिडचिड होईल.

देवनागरी नाही, ही खंत आहेच. बंगळुरूच्या सिम्प्युटर नावाच्या हातातल्या संगणकाने भारतीय भाषांचा विचार केला होता, पण तो माझ्या हाती कधी आला नाही. मी मराठी रोमनमध्ये लिहिते. एकच पथ्य: ज्ञानेश्वर डी खाली की जी खाली, हे पहिल्या दिवशी ठरवा. माझ्याकडे एकच सर्जन दोन ठिकाणी होते आणि त्यांची उधारीही दोन ठिकाणी विभागून.

सगळ्यात कामाची सोय शॉर्टकटची. तीच गाठ काढून टीएस लिहिलं की त्या क्षणाची वेळ उमटते. भूल कधी दिली, टाका कधी पडला, शुद्ध कधी आली, सगळं तीन फटकाऱ्यांत. तुमचे स्वतःचेही शॉर्टकट बनवता येतात. माझ्याकडे ‘पीबी’ म्हटलं की ‘पैसे बाकी’ येतं आणि तोच सगळ्यात जास्त वापरला जातो. रुग्णांची पूर्ण नावं मात्र लिहू नका, आद्याक्षरं पुरतात. पामच्या पासवर्डवर विसंबण्यात अर्थ नाही.

शेवटची अडचण आधीच सांगून ठेवते. पामची डायरी १९०४ पासून वर्षं मोजते आणि तिला १२७ वर्षंच पुढे मोजता येतात. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, त्याची आठवण मी आधीच घालून ठेवते. २०२६ ची घातली, २०३१ ची घातली. २०३६ ची घालायला गेले तर बाण दाबून दाबून काडी झिजली, वर्ष काही पुढे सरकेना. ती तारीख मी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.