रूम पंधरा दिवसांत सोडायची आहे, मालकाला कसं सांगायचं?

जॉबची ऑर्डर येते शुक्रवारी आणि जॉइन व्हायचं असतंय बारा दिवसांनी, पुण्यात नाहीतर बेंगळूरात, आणि इकडं बेळगावात टिळकवाडीतल्या रूमच्या ॲग्रीमेंटात लिहिलेलं असतंय की सोडायच्या एक महिना आधी कळवायचं. माझं अगदी असंच झालेलं. दोन दिवस मी मालकांना टाळत फिरलो, जिन्यात दिसले की फोन कानाला लावायचा, आणि तेच दोन दिवस फुकट गेले बघा. म्हणून पहिलं सांगतो, कळलं त्याच दिवशी सांगून टाका.

पण जायच्या आधी ॲग्रीमेंट काढून वाचा. आपल्याकडं ते बहुतेक 11 महिन्यांचं असतंय, कारण एक वर्षापेक्षा जास्तीचं केलं तर 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्याप्रमाणं रजिस्टर करावं लागतंय आणि तो खर्च कुणालाच नको असतोय. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (म्हणजे अमुक महिने सोडायचंच नाही अशी अट) आहे का, आणि पेंटिंगचे पैसे कापणार असं लिहिलंय का. कन्नडात असलं तर अंदाजानं वाचू नका, कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. 'ओंदु तिंगळु' म्हणजे एक महिना आणि 'एरडु तिंगळु' म्हणजे दोन, एवढ्या एका शब्दात अख्ख्या महिन्याचं भाडं जातंय.

कागदच नसला तर? बरेच जण म्हणतात कागद नाही म्हणजे आज रात्री सामान भरून गेलं तरी चालतंय. चालत नाही ओ. नोटिशीबद्दल काहीच ठरलेलं नसेल तर महिन्याच्या भाड्याच्या घराला 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 106 लागतंय, त्यात 15 दिवसांची लेखी नोटीस, खाली सही करून. ॲग्रीमेंटात मुदत लिहिलेली असेल तर मात्र तीच धरायची. आणि लीजवरचं घर असेल, म्हणजे भाडं नाही पण दोन-चार लाख एकदम देऊन ठेवलेत, तर घाईचं सोडूनच द्या, मालकानं ते पैसे कुठंतरी घातलेले असतात, बारा दिवसांत ते कुठनं काढून देणार? तिथं पैसे परत द्यायची तारीख आधी ठरवायची, घर नंतर सोडायचं.

सांगायला स्वतः जावा, संध्याकाळी, चहाच्या टायमाला. व्हॉट्सॲपवर बातमी टाकली की माणूस दुखावतोय आणि मग डिपॉझिटमधनं खिळ्याच्या भोकाचेपण पैसे कापतोय. "काका, मला 20 तारखेला घर सोडावं लागणार, नोटीस कमी पडतीय ते मला माहीत आहे, काय करूया सांगा" एवढंच म्हणायचं. तारीख आधी, कारण नंतर, आणि आईच्या आजारपणाची खोटी गोष्ट तर अजिबात नको, बेळगावात चार दिवसांत सगळं सगळ्यांना कळतंय. मालक कन्नड असले तर "मनी खाली माडतीव्री, स्वल्प अडजस्ट माडरी" (घर खाली करतोय, थोडं ॲडजस्ट करा) एवढं तरी त्यांच्या भाषेत बोला, तोडकंमोडकं चालतंय, माणूस हसतो आणि निम्मं काम तिथंच होतंय.

मालकाची खरी भीती एकच, रूम रिकामी पडायची. जूनमध्ये कॉलेजच्या पोरांमुळं लगेच भरते, पण आषाढात किंवा पितृपक्षात नवीन घरात कोण जाणार? त्या दिवसांत सोडणार असाल तर तुम्हीच भाडेकरू शोधून द्यायला हवा. उद्यमबागेत कामाला असणारे, कॉलेजचे ग्रुप, ऑफिसातले, सगळीकडं विचारा. फक्त चावी परस्पर देऊ नका, माणूस मालकाला दाखवायचा, ठरवायचं त्यांनी, ॲग्रीमेंट त्यांचं नवीन.

कुणी मिळालंच नाही तर पैशाचं बोला. समजा भाडं 8,000, डिपॉझिट 40,000, नोटीस 30 दिवसांची, तुम्ही दिली 12 दिवसांची, म्हणजे 18 दिवस कमी, त्याचे झाले 4,800. हा आकडा तुम्हीच पुढं ठेवा. करारावर बोट ठेवून ते पूर्ण महिन्याचं मागू शकतात, पण आधी मांडलेल्या आकड्यावरनंच घासाघीस होते. माझं 3,000 वर मिटलं, कारण मी जायच्या आधी दोन पोरं रूम बघून गेलेली.

मग तेच कागदावर. "आपले घर मी दि. 20 रोजी खाली करत आहे. कमी नोटिशीपोटी रु. 4,800 डिपॉझिटमधून वजा करून उरलेले रु. 35,200 माझ्या खात्यावर जमा करावेत." खाली तारीख, सही, नवीन पत्ता. दोन प्रती काढा, एकीवर मालकांची पोच घ्या, सही द्यायला का-कू केली तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपून ठेवा.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, झिरो बिल तुमच्या आधारवर असेल तर सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर जाऊन त्या मीटरचा आरआर नंबर (वीज कनेक्शनचा नंबर) डी-लिंक करा. नाहीतर कर्नाटकातच दुसरीकडं गेलात तर तिथं लिंक होत नाही, आणि इथल्या नवीन भाडेकरूचंपण अडकतंय, मग रोज फोन. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, काही बाकी असेल तर भरा, 24 तास पाण्याचं मीटर असेल तर त्याचं बिलपण.

शेवटच्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, नळ चालू करून, फॅन लावून, मीटरच्या आकड्यासकट. डिपॉझिट खात्यात आल्याशिवाय चावी द्यायची नाही असं बरेच जण सांगतात. मी चावी दिली, पण "उरलेले पैसे अमुक तारखेपर्यंत देतो" असं त्याच पोचवर मालकांच्या हातानं लिहून घेऊन. पैसे नवव्या दिवशी आले, पेंटिंगचे 1,500 कापून.